उतरणीची लाईट

आता खोटं कशाला बोला, तानूबाई भित्रीच होती. साप म्हणू नका, नदीचा पूर म्हणू नका, त्यांना ती भीक घालायची नाही. पण दोन गोष्टी समोर आल्या की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. एक म्हणजे पंपघरापासून तिसरा खांब. गेल्या चैतात त्याच खांबावर ज्ञानू वायरमन तारेला चिकटून मेला होता आणि अर्ध्या गावानं त्याला कमरेच्या पट्ट्यात लोंबकळताना बघितलं होतं. दुसरी म्हणजे तिच्याच नवऱ्याची, दादासोची, उतरणीची लाईट. खांबाला भ्यायची म्हणून तिला कुणी हसलं नाही. लाईटला भ्यायची म्हणून मात्र खुद्द दादासोच येताजाता तिची टर उडवायचा.

ही लाईट काय भानगड होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गाव कोल्हापूरपासून दहा-बारा मैलांवर, पंचगंगेच्या काठाला. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा पंप नदीला लागून, आणि तिथून मैलभर पाईप थेट वर माळावर. दादासो पंधरा वर्षं त्या पंपाचा ऑपरेटर. नवराबायको पंपघराला चिकटून असलेल्या खोलीतच राहायचे. मोटर चालू असली की खोलीतली भांडीसुद्धा थरथरायची आणि बंद पडली की तानूबाईला झोपेतून जाग यायची, इतकी त्या आवाजाची सवय.

दोन हजार चार-पाच साल म्हणजे लोडशेडिंगचा काळ. लाईट कधी येईल न् कधी जाईल, कुणी सांगावं? लाईट गेली की स्टार्टरची दांडी आपोआप खाली पडायची आणि आली की माणसानं पळत जाऊन ती वर चढवायची. दादासोनं त्यावर उपाय काढला. बाभळीच्या लाकडाची एक पाचर तासली आणि दांडीखाली ठोकून बसवली. दांडी पडायची बातच नाही. लाईट आली की मोटर आपली आपण चालू. अशा पाचरी तालुकाभर होत्या, त्यामुळे त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट झडपेची. मोटर बंद पडली की वर चढलेलं सगळं पाणी पाईपातून माघारी फिरायचं. ते अडवायला पाईपात एक लोखंडी झडप होती. ती अशी काय आपटायची की भिंत हादरायची. दोनदा पाईपचा सांधा फुटला आणि दोन्ही वेळा संस्थेचे चेअरमन मल्लाप्पाण्णा गावभर ओरडत फिरले. तिसऱ्यांदा सांधा फुटायच्या आत दादासोनं झडपच काढून ठेवली. म्हणाला, "येऊ दे की पाणी माघारी. नदीचंच हाय, नदीला जाऊ दे."

आणि त्याच उन्हाळ्यात वीज बोर्डाच्या सांगण्यावरून मोटरीला वीज वाचवणारे कपॅसिटरचे डबे जोडले गेले. तेव्हापासून हा चमत्कार सुरू झाला. लाईट जायची, मोटर थांबायची, क्षणभर सगळं शांत. मग माघारी येणारं पाणी पंपाला उलटं फिरवायला लागायचं, पंप मोटरीला फिरवायचा, आणि छताला टांगलेला बल्ब आधी निखाऱ्यासारखा लाल, मग पिवळा, मग नेहमीपेक्षाही लख्ख पेटायचा. सात-आठ मिनिटं. पाईप रिकामा झाला की विझायचा.

दादासोला त्याचं काय कौतुक! सगळं गाव अंधारात आणि ह्याच्या घरात उजेड. नाव त्यानंच ठेवलं, उतरणीची लाईट. कुणी पावणा आला की मुद्दाम थांबवून घ्यायचा. "बसा की पावणं, लाईट जाऊ दे, मग गंमत दावतो." पावणे घाबरले की मांडीवर थाप मारून हसायचा. "भूत न्हवं हो, पाणी हाय! लाईटनं पाण्याला वर न्यायचं, आन् पाण्यानं खाली येताना लाईट परत द्यायची. शाळेत शिकवत न्हाईत हे."

तानूबाई मात्र त्या उजेडाकडं पाठ करून बसायची. का भ्यायची ते तिलाही धड सांगता यायचं नाही. नसलेली वस्तू दिसायला लागली की बाईमाणूस भिणारच, असं ती म्हणायची. दादासो तिला "भित्री भागूबाई" म्हणायचा.

तर जानेवारीतला तो दिवस. नदीवर असं दाट धुकं की पंपघराच्या दारातून पहिला खांबसुद्धा पुसट दिसत होता. मोटरीचा बेअरिंग आवाज करतोय म्हणून दादासो पहाटेच्या यस्टीनं कोल्हापुरात शाहूपुरीला गेला होता. जाताना बजावून गेला, "मोटर चालू हाय तशी ऱ्हाऊ दे. स्टार्टरला हात लावू नगं, तुला त्यातलं कळत न्हाय."

साडेसातला एम-एटी गाडीचा आवाज आला आणि धुक्यातून प्रसेनजीत उतरला. तानूबाईच्या चुलतभावाचा मुलगा, तिचा परसू, चोवीस वर्षांचा, ज्ञानूच्या जागी आलेला नवा वायरमन. तीन वर्षं तो ज्ञानूच्याच हाताखाली होता.

"जयभीम आत्ती. तिसऱ्या खांबावर ठिणग्या उडत्यात म्हणून तक्रार आलीया. त्याला लागूनच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर पंपाच्या लाईनचा फ्यूज काढतो आन् चढतो. मोटर बंद पडंल, घाबरू नगंस."

तानूबाई दाराबाहेर आली. "त्याच खांबावर?"

"त्याच की."

"तुझ्या काकास्नी येऊ दे रं. दुपारी चढ. धुकं बघ की केवढं पडलंय."

"आत्ती, धुकं तारंला चावत न्हाय," प्रसेनजीत हसला. "आन् फ्यूज काढून खिशात घातला की लाईन मेली. कुणी येडा येऊन परत घालायला नगं म्हणून खिशातच ठेवायचा. ज्ञानूमामानं पहिल्याच दिवशी शिकवलंय मला."

"मग ज्ञानूनंच का न्हाय काढला त्या दिवशी?"

हे तिच्या तोंडातून निसटलं आणि तिनं जीभ चावली. चौकशीत तसंच निघालं होतं ना! फ्यूज न काढताच चढला, प्यालेला असणार. ज्ञानूच्या बायकोला, चिमणाबाईला, बोर्डाकडून दमडी मिळाली नव्हती. नदीवर धुणं घेऊन यायची ती खालमानेनं यायची आणि तशीच जायची.

प्रसेनजीतचं हसू गेलं. "मला न्हाय पटत ते," एवढंच तो म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून चालायला लागला.

"च्या तरी पिऊन जा!"

"येताना पितो!"

धुक्यानं त्याला गिळलं. तानूबाईनं चहाचं आधण ठेवलं खरं, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. साखर कुठली न् पत्ती कुठली. नऊ महिन्यांपूर्वीचा तो लोंबकळणारा खाकी पाय डोळ्यांसमोरून हलेना. पोराची आई, अंबूबाई, पोरगा इकडं कामाला निघताना म्हणाली होती, तानू, तुझ्याजवळ हाय माझं लेकरू, लक्ष ठेव. काय लक्ष ठेवणार? खांब धरून बसणार?

तेवढ्यात मोटरीचा आवाज पडला. बल्ब गेला. पोरानं फ्यूज काढला तर! तिनं सुस्कारा सोडला. मेली लाईन. आता काय भ्या नाही.

पाईपात घळघळ सुरू झाली. पंपानं उलटी घरघर धरली आणि डोक्यावरचा बल्ब लाल व्हायला लागला. तानूबाईनं सवयीनं पाठ केली आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

बाहेर धुक्यात आणखी एक लाल ठिपका होता.

तिला आधी कळेचना काय ते. मग आठवलं, नदीवर येणाऱ्यांना उजेड असावा म्हणून दादासोनं गेल्याच आठवड्यात पहिल्या खांबावर एक बल्ब लावला होता. रात्रीपासून तो तिनं बंदच केला नव्हता. तो ठिपका लालाचा पिवळा झाला. हिच्या डोक्यावरचाही पिवळा झाला. दोन्ही बरोबरीनं वाढत होते, एकाच चुलीवरच्या दोन जाळांसारखे.

तिची नजर बल्बावरून वायरीवर गेली, वायरीवरून फळीवर, फळीवरून स्टार्टरवर, आणि स्टार्टरवरून भिंतीतल्या भोकातून बाहेर. पहिला खांब. तिथून तीच तार दुसऱ्याला. तीच तार तिसऱ्याला.

अगं आई गं!

ही लाईट घरात राहत नव्हती. कधीच राहत नव्हती. दोन वर्षं आपण समजत होतो, आपल्या घरातली गंमत, आपल्यापुरती. ती बाहेर पडत होती आणि फ्यूज काढलेल्या, मेलेल्या तारेत जाऊन बसत होती. आणि पोरगा खिशात फ्यूज घालून, निर्धास्त मनानं, तिसऱ्या खांबावर चढत होता.

"परसू!" ती दारात येऊन किंचाळली. पुन्हा ओरडली. आता मोटर कधी नव्हे इतकी चढ्या सुरात शीळ घालत होती, त्यात तिचं ओरडणं कुठं ऐकू जाणार? धुक्यात तिसरा खांब दिसतही नव्हता. दोनशे पावलं. पळत गेलं तरी... तोवर पोरानं तारेला हात घातला असला म्हणजे?

ती आत वळली. समोर स्टार्टर, आणि दांडीखाली ती पाचर. दादासोचे शब्द कानात: हात लावू नगं. तिनं पाचरीला हात घातला. हलेना. रात्रभरच्या धुक्यानं लाकूड फुगून बसलं होतं. नखं मोडली. डोक्यावर बल्ब पांढराफेक झाला होता, इतका की तिला स्वतःच्या हातावरचे केससुद्धा दिसत होते. लोखंडानं मारू? नको, लोखंडातून शॉक बसला तर आपण मरू, आणि आपण मेलो तर पोरगाही मरेल. हा विचार तिला कसा सुचला देव जाणे. कोपऱ्यात धुण्याचं लाकडी धोपाटणं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी उचललं.

एक मारलं. काही नाही. दुसरं मारलं, ते दांडीवरच बसलं. "सूट, सूट, मेल्या!" ती रडत ओरडत होती. तिसऱ्या फटक्याला पाचर सटकून चुलीपाशी उडाली, खट्ट आवाज झाला आणि दांडी खाली पडली.

बल्ब विझला. खिडकीतला ठिपकाही विझला. मोटर मात्र अंधारात तशीच उलटी फिरत शीळ घालत राहिली.

आता खरं भ्या सुरू झालं. जाऊन बघायचं होतं. तानूबाई दारात उभी राहिली आणि तिला पाऊल उचलवेना. बघितलं नाही तोवर पोरगा जिता आहे, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं. शेवटी धोपाटणं हातात तसंच धरून ती चालायला लागली. पहिला खांब गेला. दुसरा गेला. "परसू... परसू रं..." कुणी ओ देईना. धुक्यात आधी शिडी दिसली. शिडीखाली त्याची पिशवी. मग वर, पट्ट्यात अडकलेले दोन पाय. हलत नव्हते.

ती मटकन खाली बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"काय गं आत्ती? खाली का बसलीस?"

तिनं वर बघितलं. प्रसेनजीत पट्ट्याला रेलून, दोन्ही हात काखेत खुपसून तिच्याकडं बघत होता. "बोटं पार बधिर झाली बघ थंडीनं. पाना धरवंना. जरा ऊब घेत बसलोवतो. तारंपर्यंत हातच न्हाय गेला अजून."

तानूबाई हमसून हमसून रडायला लागली, आणि तिला रडताना बघून पोरगा घाबरून खाली उतरला.

तिनं त्याला पंपघरात आणलं आणि सगळं दाखवलं. पाचर, रिकामी झडपेची पेटी, कपॅसिटरचे डबे, दोन्ही बल्ब. बोलताना तिच्या तोंडून शब्द वाकडेतिकडे येत होते. प्रसेनजीत हसला नाही. "कसं शक्य हाय?" असंही म्हणाला नाही. त्यानं पाईप रिकामा झाल्यावर थांबलेल्या मोटरीवर हात ठेवला आणि तोच हात अंगाला पुसला. मग तो चुलीपुढं जाऊन बसला.

"आत्ती," तो म्हणाला, "आमी समजतो, लाईट फक्त बोर्डाकडनंच येती. तिकडनं तोडली की झालं. पर पाणी वर चढवायला जेवढी वीज घातली, ती जाती कुठं? त्या उंचीवर जाऊन बसती की. पाणी खाली आलं की परत वीज होऊन भाईर येती. आन् वाट मिळंल तिकडं जाती. पाचर नसती तर दांडी पडली असती, वाट बंद झाली असती. झडप असती तर पाणीच आलं नसतं. डबं नसतं तर उलट्या मोटरीनं वीजच केली नसती. एकेक गोष्ट काय वंगाळ न्हाय गं. तिन्ही एका जागी आल्या."

मग त्यानं खिशातले तिन्ही फ्यूज काढून चुलीपुढं मांडले.

"ज्ञानूमामाची कापडं दवाखान्यातनं घरी आली," तो म्हणाला, "तवा त्यात चिनीमातीचं तीन फ्यूज हुतं. चिमणामामीनं दावलं मला. मी सायबाला सांगितलं. सायब म्हणला, वायरमनच्या खिशात जास्तीचं फ्यूज असत्यातच. मीच बघून आलोय, डीपीवर लाईन चालू हुती."

"चालू हुती, खरं हाय," तानूबाई म्हणाली आणि बोलता बोलता थबकली. कारण ज्ञानू मेला त्या संध्याकाळी ऊस वाळतोय म्हणून मल्लाप्पाण्णांनी घाई केली होती आणि दादासोनंच डीपीवरच्या मोकळ्या जागांत नुसती तार टाकून मोटर चालू केली होती. घरी येऊन म्हणाला होता, फ्यूज जळून उडालं असत्याल. साहेब आला तो दुसऱ्या दिवशी.

"काढलावता त्यानं फ्यूज," ती पुटपुटली. "ज्ञानूनं काढलावता."

"व्हय. आता रिपोर्टात हे लिवाय पायजे आत्ती. न्हायतर ह्या लाईनवर माझ्या मागनं येणारा मरंल." त्यानं तिच्याकडं बघितलं. "पर काकांचं नाव येणार त्यात."

कळंब्याचं जेल तिनं यस्टीतून कितीदा बघितलं होतं. ती लांबलचक भिंत तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पंधरा वर्षांची नोकरी, ही खोली, सगळंच. तरी ती म्हणाली, "त्यास्नी येऊ दे. त्येंच्या तोंडावर सांगू. मागनं नगं."

दादासो बारा वाजता आला. कागदात गुंडाळलेला बेअरिंग हातात, स्वारी खुशीत. मोटर बंद बघून त्याचा पारा चढला. स्टार्टरखाली पाचर नाही बघून आणखीनच चढला. "कुणी काढली? लाईट आली न् मोटर चालू झाली न्हाय तर मल्लाप्पाण्णा माझी सालटी काढंल!"

"मी काढली," तानूबाई म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. पहिल्या खांबावरच्या बल्बासकट.

दादासो आधी हसला. "माझी लाईट? अगं, ती काय माणूस मारणारी लाईट हाय व्हय? पाण्याची लाईट ती! सात-आठ मिंटांची पावणी!"

"काका, बोर्डाच्या लाईटीपेक्षा जास्त हुती," प्रसेनजीत म्हणाला. "बल्ब पांढरा पडत हुता न्हवं? मोटर नेहमीपेक्षा जोरात पळत्या उलटी."

दादासोचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तो एकदा बल्बाकडं, एकदा भिंतीतल्या भोकाकडं बघायला लागला. तीच वाट त्याची नजर चालत होती, जी सकाळी तिची चालली होती.

तानूबाईनं विचारलं, "ज्ञानू मेला त्या दिवशी तुमी कुठं हुतासा? मी तर नेसरीस्नं, थोरल्या लेकीकडनं, येईस्तवर तो खांबावर लोंबकळत हुता."

तो खाली बसला. मग बोलला तो जमिनीकडं बघत.

"हितंच हुतो. ज्ञानू परस्पर डीपीकडनं आलावता, मला काय ठावं? मोटर पडली, मला वाटलं लाईट गेली. मल्लाप्पाण्णाचं पावणं आलतं बेळगावकडनं. त्यास्नी बसवून लाईट दावत हुतो."

"मग?"

"लागली की. लख्ख लागली." त्यानं वर बल्बाकडं बघितलं. "मधीच एकदम बारीक झाली, तानू. लाल. मिणमिण करायला लागली. पावणं म्हणलं, काय झालं हो? मी म्हणलो, पाईपात काय तर अडाकलं आसंल, थांबा. मिनिटभर तशीच मिणमिणत हुती. आन् मग परत मोठी झाली. पावण्यांनी टाळ्या वाजवल्या."

बाहेर धुकं केव्हाच विरलं होतं आणि तिसरा खांब उन्हात स्वच्छ दिसत होता.

तानूबाई उठली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि नवऱ्याच्या दंडाला धरलं.

"उठा," ती म्हणाली. "चला चिमणाबाईकडं. हे तिला तुमच्या तोंडानं सांगायचं."